अप्पांचा प्रोसेसर, मी बसवलेला कूलर

अप्पा, काल दुपारी तुमचा कॉम्प्युटर उघडला. तुम्हाला न विचारता. परवा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, अंगणातल्या भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, आणि घरात मी, आई आणि टेबलावरचं तुमचं ते काळं कॅबिनेट एवढेच उरलो.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक येतात, खांद्यावर हात ठेवतात, "संभालो भैया" म्हणतात. मी सांभाळतोच आहे. चहा पितो, जेवतो, झोपही लागते. आतून काही हलतच नाही. आईला याची काळजी वाटते, मला तीही वाटत नाही.

तुम्ही रेल्वेत किती वर्षं काढलीत, डिझेल शेडमध्ये साधे फिटर म्हणून लागून सुपरवायझर कसे झालात, झाँसीच्या मराठी मंडळासाठी काय काय केलंत, ते सगळं मंडळाच्या खानवलकर काकांनी शोकसभेत सांगून झालंय. चांगलं बोलले. मला त्यात भर घालायची नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुम्हालाच सांगायची आहे. तुमचा व्हिडिओ तुमच्या प्रोसेसरमुळे अडला नव्हता. तो माझ्यामुळे अडला. मे महिन्यात मला ते ठाऊक नव्हतं. जूनमध्ये कळलं. ऑगस्टमध्ये तुम्ही गेलात. मधले दोन महिने मी मूग गिळून बसलो होतो.

होळीनंतरचा तो रविवार आठवतो का? सदर बाजारातल्या त्या दुकानात आपण दोघं दोन तास भांडलो. दुकानवाल्या भैयानं आपल्याला दोनदा चहा पाजला, तो आपल्या ओळखीमुळे नव्हे, तर बाकीची गिऱ्हाइकं आपलं भांडण ऐकायला थांबत होती म्हणून. तुमची मर्यादा ठरलेली होती, तीस हजारांच्या आत सगळं. मॉनिटर घरचा जुना, की-बोर्ड माझ्या मनूचा टाकून दिलेला. बाकी सगळं नवं.

माझं म्हणणं सोपं होतं. चार कोरचा साधा प्रोसेसर घ्या. तो तापत नाही, त्याला थंड ठेवायला त्याच्याबरोबर डब्यात जो छोटा पंख्याचा कूलर फुकट मिळतो तेवढा पुरतो, आणि वाचलेल्या पैशात बरं कॅबिनेट येतं. दुकानवालासुद्धा माझ्याच बाजूचा. "चाचाजी, घर के काम के लिए चार कोर बहुत है. बिजली का बिल भरना है, पोते-पोती की फोटो देखनी है, और क्या."

तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत, जसं शेडमध्ये नव्या पोराकडे बघत असाल. "भैया, हमें मालगाड़ी खींचनी है, सवारी नहीं."

मालगाडी म्हणजे मंडळाच्या जुन्या कॅसेट. गणेशोत्सवातली नाटकं, मुलांच्या वेशभूषा, हळदीकुंकू, रेल्वे कॉलनीतल्या पंगती. तुम्ही घरोघर फिरून त्या गोळा केल्यात, ग्वाल्हेरला जाऊन त्यांच्या फाइली करून आणल्यात. त्या सगळ्या जोडून एक मोठा व्हिडिओ करायचा आणि प्रत्येक चेहऱ्याखाली त्याचं नाव घालायचं, असा तुमचा बेत. मी विचारलं, नावं कशाला? तुम्ही म्हणालात, "अरे, ओळखणारे आता आम्ही चौघं उरलो. आम्ही गेलो की नुसते हलणारे लोक राहतील."

म्हणून सहा कोरचा. आतच ग्राफिक्स असलेला, म्हणजे वेगळं कार्ड घ्यायला नको. हिशेब तुमचा पक्का होता, हे मी तेव्हाही मनातून मानलं होतं. पण तोंडानं म्हटलं, "अप्पा, हा झाँसीत पेलायचा नाही. मेमध्ये खोलीतच चाळीस असतं."

"म्हणूनच कूलर चांगला घ्यायचा," तुम्ही म्हणालात. डब्यातला फुकटचा कूलर तुम्ही तळहातावर ठेवून पाहिलात आणि परत दिलात. "हे खेळणं आहे." मग तो उभा, तांब्याच्या चार नळ्यांचा कूलर काचेतून काढायला लावलात. नळ्यांवरून बोट फिरवलंत. "उष्णतेला आधी रस्ता लागतो, विन्या. रस्ताच नसेल तर नुसता पंखा काय वारा घालणार?" त्या कूलरसाठी तुम्ही कॅबिनेट सगळ्यात स्वस्त घेतलंत. पत्रा इतका पातळ की मनू म्हणाली, "आजोबा, ये तो बिस्किट का डिब्बा है."

मी इंजिनिअर, तुम्ही फिटर. तुम्ही मला चारचौघांत "आमचे इंजिनिअर साहेब" म्हणायचात, आणि त्यात कौतुक किती आणि चिमटा किती हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. त्या दिवशी दुकानातून निघताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे खरं. मनात म्हटलं, येऊ दे मे महिना, मग बघू.

जोडणी आपण जेवणाच्या टेबलावर केली. आईनं धुतलेली चादर अंथरून दिली. तुम्ही स्क्रू ठेवायला तीन वाट्या मांडल्यात, लहान, मध्यम, मोठे. लहानपणी माझी सायकल उघडायचात तेव्हाही अशाच वाट्या मांडायचात, आणि शेवटी एकही स्क्रू उरला नाही की मला चवन्नी मिळायची. मला यंत्राची भीती वाटत नाही ती त्या वाट्यांमुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली असं कधी वाटलंच नाही.

प्रोसेसर तुम्ही स्वतः बसवलात. मग कूलर हातात घेतलात आणि थांबलात. "माझा हात हलतो हल्ली. हा तू बसव. मी उजेड धरतो."

तुम्ही बॅटरी धरून उभे राहिलात. मी प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, कूलर उलटा केला, त्याच्या बुडाकडे पाहिलं. तांबं चकचकीत दिसत होतं. त्याच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं, ते मला दिसलं होतं, अप्पा. दिसलं नव्हतं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं, पण दिसलं होतं. आमच्या कारखान्यात घासून तयार केलेल्या पृष्ठभागावर असंच प्लास्टिक असतं, आणि ते आम्ही कुणी काढायचं नाही असा नियम आहे. तपासणीवाला शेवटी येतो, तो काढतो, सही करतो. अठरा वर्षांत माझा हात त्या प्लास्टिकला कधी लागला नाही. त्या दिवशीही लागला नाही. डोक्यानं विचारच केला नाही. तपासणीला इथे कोण येणार होतं?

मी कूलर ठेवला, चारही स्क्रू आळीपाळीनं आवळले, जसे आवळायचे असतात तसे. काम अगदी सुबक झालं.

तुम्ही बॅटरी बंद केलीत आणि शेडमधल्यासारखं विचारलंत, "झालं? काही राहिलं नाही ना?"

"झालं."

तुमच्या शेडची रीत मला ठाऊक होती. ज्यानं काम केलं त्यानं 'झालं' म्हटलं की झालं. त्याच्यामागून कुणी उघडून बघायचं नाही. उघडायचंच झालं तर त्याला बोलवायचं आणि त्याच्या समोर उघडायचं. तुम्ही म्हणायचात, मागून उघडलं की माणूस पुन्हा मनापासून 'झालं' म्हणत नाही.

मार्च-एप्रिल बरा गेला. तुम्ही कॅसेटमधले तुकडे कापत होतात, नावं टाइप करत होतात. शंका आली की मोठ गावी राहणाऱ्या त्या जुन्या गार्डला फोन लावून विचारत होतात, "तो राक्षस झालेला कोण रे, कुलकर्ण्यांचा धाकटा की मधला?" मेच्या सुरुवातीला नावं पूर्ण झाली. मग सगळे तुकडे एकत्र करून मशिननं एक अख्खा व्हिडिओ तयार करायचा, ज्याला रेंडर म्हणतात, तेवढंच राहिलं. ते काम तासदोन तासांचं. सगळे कोर पूर्ण ताकदीनं चालतात.

चौतीस टक्क्यांवर मशिन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी एकोणतीसवर. तुम्ही बाजूचा पत्रा काढलात, टेबलफॅन लावलात, एकेचाळीसवर. तुकड्यातुकड्यांनी करून पाहिलंत, पण ते तुकडे जोडायला गेलं की पुन्हा तेच. रोज दुपारी तुमचा मला कारखान्यात फोन यायचा. "आज शहाण्णव डिग्रीला पोचला." "आज वेग आपोआप उतरला, मग बंद." मी मीटिंगमध्ये असायचो. "हं, हं," म्हणायचो.

मेमधल्या त्या रविवारी मी आलो तेव्हा खानवलकर काका बसले होते. मनू तुमच्या शेजारी होती, तिनं जाहीर केलं, "बाबा, फिर बंद हो गया." आणि मी, शहाणा, उभ्याउभ्याच म्हणालो, "बघा. म्हटलं होतं. एवढा प्रोसेसर झाँसीत पेलत नाही. चार कोरचा घेतला असता तर आज हे झालं नसतं."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "असेल बुवा," म्हणालात. "निवड माझीच होती."

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही भाजीवाल्याशी भांडायचात, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचात. माझ्याशी तेवढं भांडला नाहीत, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

जूनमध्ये कारखान्यात एका जाड पत्र्याची तपासणी होती. तपासणीवाला आला, त्यानं नखानं कोपरा उचलला आणि प्लास्टिक एका दमात सोलून काढलं. त्याचा तो फर्र आवाज झाला. मला तुमच्या कूलरचं बूड दिसलं. तुमच्या उष्णतेला रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर मीच प्लास्टिक अंथरलं होतं.

त्या संध्याकाळी फोन केला. सांगणारच होतो. तुम्ही आधी बोललात. "विन्या, मी तोडगा काढला. व्हिडिओच लहान करतो. अकरा मिनिटांचा केला तर मशिन तग धरतं." आवाज खुशीत होता. मी म्हटलं, "छान." ठेवला फोन.

मग ठरवलं की तुम्ही घरात नसताना गुपचूप यायचं, प्लास्टिक काढायचं, पुन्हा बसवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही काकांबरोबर बरुआसागरच्या बाजारातून आलं-भाजी आणायला गेलात त्या दिवशी मी आलोही होतो. पेचकस हातात घेतला, पहिला स्क्रू सैल केला. आई चहा घेऊन आली आणि समोर बसली. "ते नाहीत तर कशाला उघडतोस? येऊ देत, मग दोघं मिळून उघडा ना." मी स्क्रू परत आवळला. चहा प्यायलो. गेलो.

जुलैत तुम्ही स्वतः विचारलंत. हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. तुम्ही म्हणालात, "विन्या, एकदा कूलर उघडून बघतोस का? पेस्ट सुकली असेल कदाचित." मी खरं सांगावं म्हणून तुम्ही जणू स्वतःच्या हातानं दार उघडून धरलं होतंत. मी म्हटलं, "पेस्ट इतक्यात नाही सुकत, अप्पा. प्रोसेसरच तापट आहे." मार्चमधलं 'झालं' ही चूक होती. हे खोटं होतं. मला दोन्हींतला फरक कळतो.

का बोललो असं? चारचौघांत म्हणून बसलो होतो ना, 'बघा, म्हटलं होतं.' एवढंच कारण. याहून मोठं कारण मी चौदा दिवस शोधतोय, सापडत नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तुम्ही झोपलात आणि चहाला उठला नाहीत. त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही.

काल खानवलकर काका आले होते. गणपती दहा दिवसांवर आलेत. म्हणाले, "विनायक, त्या लहान व्हिडिओचा पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी तोच दाखवू, अप्पांची आठवण म्हणून. फक्त एक आहे. मी पाहिला तो. अख्ख्या व्हिडिओत अप्पा कुठेच नाहीत. तुझी आईसुद्धा नाही." मला समजेना. तुम्ही नाटकात असायचात, पंगतीत वाढायचात, नसणार कसे? काका म्हणाले, "लहान करायचा होता ना. त्यानं आधी स्वतःच्या घरचे कापले. मग शेजारचे. मी म्हटलं, असं काय करतोस? तर म्हणाला, चूक माझी आहे, मग जागा आधी माझी जाणार."

काका गेल्यावर मी पेचकस घेतला. तुमच्या समोर उघडता आलं नाही, म्हणून आईला समोर बसवलं. कूलर चिकटला होता, थोडा पिळून सोडवला. उलटा केला. प्लास्टिक तिथेच होतं. पेस्ट त्याच्यावर करडी होऊन बसली होती आणि एका कोपऱ्यात लाल अक्षरं अजून वाचता येत होती. इंग्रजीत लिहिलं होतं, बसवण्याआधी काढा. मी नखानं कोपरा उचलला. निघालं. दोन सेकंदं लागली.

बूड पुसलं, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, स्क्रू आळीपाळीनं आवळले. मशिन चालू केलं. तुमचा मोठा व्हिडिओ, न कापलेला, तसाच ठेवलेला होता. त्रेपन्न मिनिटांचा. रेंडर लावलं आणि आकडे बघत बसलो. चौतीस टक्के गेले. एकेचाळीस गेले. तापमान बहात्तरवर चढलं आणि तिथंच राहिलं. टेबलफॅन बंद होता. एक तास चाळीस मिनिटांत काम पूर्ण झालं, आणि तुमचा सहा कोरचा प्रोसेसर एकदाही अडखळला नाही.

मध्येच कधीतरी मी आईला सगळं सांगितलं. प्लास्टिक, जून, जुलै, तो चहा, सगळं. ती हातातलं ते करडं प्लास्टिक उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, कूलर नीट बसला नसेल. दोनदा म्हटलं. ते चिडले माझ्यावर. म्हणाले, विन्यानं 'झालं' म्हणून सांगितलंय, तिथं काही नसणार."

मी ऐकलं. तेव्हाही रडू आलं नाही.

मग व्हिडिओ लावून बघितला. तुम्ही आहात त्यात, अप्पा. खांद्यावर पंचा टाकून पंगतीत आमटी वाढताय, आई मागे भाताचं पातेलं धरून, आणि खाली तुम्ही टाइप केलेली दोघांची नावं. आई पडद्याजवळ गेली आणि स्वतःचं नाव वाचत उभी राहिली. मला म्हणायला हवं की मला आनंद झाला. मला बरं वाटलं एवढंच, आणि लगेच ते बरं वाटणं तुमच्याकडून चोरल्यासारखं वाटलं.

तुमची अकरा मिनिटांची फाइलही उघडली. तिच्या शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत. मी त्या आधी पाहिल्या नव्हत्या. 'प्रोसेसर निवडण्यात माझी चूक झाल्यामुळे अनेक मंडळींना यात घेता आले नाही. त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची मी मनापासून क्षमा मागतो.' खाली तुमचं नाव.

मोठ्या व्हिडिओत या ओळी नाहीत. तिथं त्यांची गरजच नव्हती. मी नुसता मोठा व्हिडिओ काकांना नेऊन दिला असता तरी चाललं असतं. मशिन पावसाळ्यात थंड झालं, चाललं, असं म्हटलं असतं तर कुणी उलटून विचारलं नसतं. सगळं मंडळ खूश झालं असतं. आणि तुम्ही कायमचे, चुकीचा प्रोसेसर निवडलेले अप्पा राहिला असतात.

मी मोठ्या व्हिडिओची फाइल पुन्हा उघडली. शेवटी एक काळा पडदा जोडला. की-बोर्डवर मराठी टाइप करायला मला तुमच्यासारखं जमत नाही, एकेक अक्षर शोधत बसलो. लिहिलं, 'अप्पांनी प्रोसेसर योग्य निवडला होता. कूलर मी चुकीचा बसवला, आणि कळल्यावरही त्यांना सांगितलं नाही. विनायक.'

रेंडरचं बटण दाबण्याआधी आईला वाचायला बोलावलं. तिनं चष्मा लावला, वाकून सावकाश वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "उशीर केलास."